परत गेलेल्यांची नोंद

समाजकार्य या विषयात आचार्यपदवी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न फार थोड्या लोकांपुढे उभा राहतो. परंतु ज्यांच्यापुढे राहतो त्यांस तो सहसा अशा वयात गाठतो की, ज्या वयात नोकरी कायम झालेली असते, घराचे हप्ते चालू असतात, मुले शाळेत जाऊ लागलेली असतात, आणि तरीही आपण रोज जे काम करतो त्याचा नीटसा उलगडा आपल्याला झालेला नाही ही जाणीव मनाला स्वस्थ बसू देत नाही. आमची भाची पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. विद्यापीठाच्या पीएच. डी. प्रवेशाच्या पेट परीक्षेची जाहिरात निघाली तेव्हा तिने सल्ला घेण्यासाठी दोन वडीलधाऱ्या व्यक्तींना एकाच संध्याकाळी आमच्या घरी बोलाविले. या दोघांचे एकमेकांशी पटणार नाही हे तिला पक्के ठाऊक होते. माझा तर्क असा की, म्हणूनच तिने दोघांना एकत्र बोलाविले.

पैकी नाना हे शासकीय रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आणि बाई म्हणजे तिच्या एम. एस. डब्ल्यू.च्या वेळच्या प्राध्यापिका, स्वतः पीएच. डी. आणि पुढे अनेकांच्या गाईड. त्यांचे बोलणे जसे स्मरते तसे येथे देतो. जेथे मला राहवले नाही तेथे मध्ये चार शब्द माझे आहेत.

नाना : बाई, मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. या क्षेत्रात डॉक्टर झालेले जितके लोक मी आजवर पाहिले, त्यांतील एकही पुन्हा रुग्णाच्या खाटेशेजारी येऊन उभा राहिलेला मी पाहिला नाही. पदवी हाती पडली की माणूस महाविद्यालयाची वाट धरतो. तेथे कायम जागा नसते म्हणून तासिका तत्त्वावर शिकवू लागतो. आणि आठवड्याच्या चार तासिकांसाठी दोन तालुके हिंडणाऱ्या त्या माणसाला, बाबा रे, तू हातचे टेबल कशासाठी सोडलेस, असे विचारण्याचा धीरही आपल्याला होत नाही. बरे, त्या दारासाठीसुद्धा ही पदवी आता सक्तीची राहिलेली नाही. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट एवढी अर्हता पुरते असा अनुदान आयोगाचा हुकूम आहे. मग ही पाच-सहा वर्षे कोणत्या खाती मांडायची?

बाई : हुकूम अर्धाच वाचलात, नाना. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच. डी. अद्याप लागतेच. पण त्या मुद्द्यावर मी भांडणार नाही. बढतीसाठी लिहिलेले प्रबंध मी इतके तपासले आहेत की, त्याच कारणासाठी आणखी एका मुलीने या वाटेला लागावे असे मला मुळीच वाटत नाही. माझे दुःख निराळे आहे. आपला व्यवसाय अजून स्वतःचे ज्ञान स्वतः निर्माण करीत नाही. अर्थशास्त्रज्ञ दारिद्र्य मोजतात, वैद्य रोग मोजतात. आणि ज्या टेबलापुढे दारिद्र्य व रोग ही दोन्ही एकाच देहाच्या रूपाने येऊन बसतात, त्या टेबलामागचा माणूस मात्र काहीच मोजत नाही. १९१५ साली बाल्टिमोरच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्याला व्यवसायाची प्रतिष्ठा देण्याचे नाकारले. इतरांना पद्धतशीर शिकविता येईल असे स्वतःचे तंत्र या कामापाशी नाही, हा त्यांचा एक आक्षेप होता. त्यास दोन वर्षांनी मेरी रिचमंड यांनी ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून उत्तर दिले, आणि आज आपण ज्याला केसवर्क म्हणतो त्याची शिस्त तेथून बांधली गेली.

नाना : त्या रिचमंडबाईंची पदवी कोणती होती?

या प्रश्नावर बाई मनमोकळेपणाने हसल्या. कारण रिचमंड यांचे शिक्षण शाळेपुढे गेले नव्हते, आणि त्याच बाल्टिमोरमधील धर्मादाय संस्थेत त्या १८८९ साली सहायक खजिनदार म्हणून लागल्या होत्या, हे नानांना ठाऊक असेल अशी त्यांची कल्पना नव्हती. नानांची वाचनाची सवय दांडगी आहे. पदवीविषयीचा त्यांचा अनादर अज्ञानातून आलेला नाही, हे मी वाचकांस सांगून ठेवतो.

नाना : आणि बाल्टिमोरला कशाला जायचे? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, ते प्रबंध लिहून नव्हे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातील आपल्या विसापुरात करून पाहिला. १९७७ साली त्याचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अंमलात आला, आणि २००५ साली त्याच धर्तीवर साऱ्या देशासाठी कायदा करावा लागला. यासाठी पागे कोणत्या गाईडकडे सिनॉप्सिस घेऊन गेले होते?

बाई : शिंदे तुम्हाला देते, पण अर्धेच. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ सालचा. मिशन काढल्यानंतर सत्तावीस वर्षांनी ज्याने तो लिहिला, त्याने त्याआधी १९०१ ते १९०३ ही वर्षे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासात घालविली होती. त्या शिक्षणावाचून तो ग्रंथ तसा झाला असता असे मला वाटत नाही. आणि पागे यांचे नाव तर तुम्ही घ्यायलाच नको होते. त्या कायद्यात सर्वांत शहाणपणाचे कलम कोणते? काम मागितले आणि पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, हे. भत्त्याची रक्कम क्षुल्लक होती, तो किती जणांच्या पदरात पडला हा प्रश्नही वेगळा. परंतु मागणाऱ्याला नकार मिळाला ही गोष्ट त्या कलमाने दप्तरात आणली. ज्याला काम मिळाले त्याचे नाव हजेरीपटावर चढतच होते. ज्याला मिळाले नाही त्याचे नाव कोठे चढणार, याचा विचार त्या कायद्याने केला. आपल्या किती योजनांनी तो केला आहे?

येथवर भाची चहाचे कप गोळा करण्याच्या निमित्ताने आत-बाहेर करीत होती. बाईंचे हे शेवटचे वाक्य ऐकताच ती हातातला ट्रे तसाच तिपाईवर ठेवून बसली. आणि पुढचा अर्धा तास या दोघा वाक्पटूंना तिने फारसे बोलू दिले नाही.

भाची : बाई, मला नेमके हेच विचारायचे होते, पण असे मांडता येत नव्हते. आमच्या टेबलावर एक रजिस्टर आहे. अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, पत्ता, वार्षिक उत्पन्न, दाखल केलेले कागद, बिलाची रक्कम, मंजूर सवलत, आणि शेवटी शेरा, असे त्याचे रकाने. वरिष्ठ येतात तेव्हा हे रजिस्टर उघडून बघतात आणि समाधानाने सही करतात. पण त्यात अनुक्रमांक पडतो तो अर्ज पूर्ण झाल्यावर. मागे परभणीकडचा एक शेतमजूर बायकोला घेऊन आला. पोटाची शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती. शिधापत्रिका केशरी, तीही त्याच्या वडिलांच्या नावाची. तिच्यात बायकोचे नाव चढविलेले नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला होता, त्याची मुदत संपलेली. प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून तो माझ्यापुढे ठेवत होता, आणि मी एकेक बाजूला सारत होते. शेवटी ऑफिसातून सांगण्यात आले की, नवा दाखला आणा, मग बघू. तो त्या रात्रीच्या एस. टी.ने बायकोला घेऊन परत गेला. पुढे त्यांचे काय झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडले, तर त्यात त्याचा काहीच मागमूस नव्हता. असे आठवड्यातून किती होतात ते मी कोणालाही सांगू शकत नाही, नाना. कारण मी मोजलेलेच नाहीत.

ज्या वाचकांस या व्यवस्थेची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या आणि त्यापोटी सवलती भोगणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनी आपल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, तसेच रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली अंमलात आली. तिच्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची. योजना उत्तम आहे. तिचा हिशेबही ठेवला जातो. परंतु तो हिशेब भरलेल्या खाटांचा आणि खर्ची पडलेल्या निधीचा असतो. खाट रिकामी राहिली तर ती मागायला कोणी आलेच नाही म्हणून, की आलेला माणूस दाखल्यावाचून परत गेला म्हणून, याचा निवाडा त्या आकड्यांवरून होऊ शकत नाही. आमच्या भाचीच्या मनाला लागलेला प्रश्न तो हा.

बाई : हा तुझा विषय. याहून अधिक चांगला विषय घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलेले नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी काय केले? घरी जन्मणारी आणि घरीच दगावणारी अर्भके सरकारी दप्तरात धड उतरत नव्हती. त्यांनी गावोगावी माणसे नेमून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून घेतला. ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेतली, आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांतही तितक्याच काटेकोरपणे नोंद ठेवली. म्हणून १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष छापला गेला तेव्हा जगाला तो मानावा लागला.

नाना : तेही पीएच. डी. नव्हेत, बाई. वैद्य आहेत.

बाई : मान्य. पण ते मोजण्याची विद्या शिकायला जॉन्स हॉपकिन्सला गेले होते. या मुलीने कोठे जावे? नोकरी सांभाळून तिला ती विद्या देणारी जागा विद्यापीठाचे कोर्सवर्क हीच आहे. आणि दुसरे असे की, हीच मोजदाद तिने नोकरीत राहून स्वतःच्या मनाने केली तर तिला तक्रार म्हणतील, बाहेर पडून केली तर आरोप म्हणतील. विद्यापीठाच्या शिक्क्याखाली केली तर तिचे उत्तर द्यावे लागेल. विश्वस्तांच्या बैठकीत सोशल वर्करची खुर्ची टेबलाच्या कोणत्या टोकाला असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

नाना : खुर्ची सरकेल हे मला कबूल आहे, रुग्णालयात आणखी एका डॉक्टरची भर पडून रुग्णांचा गोंधळ उडेल, तोही आपण सोसू. पण तुमच्या या सगळ्या मांडणीत एक खोच राहून गेली. नोकरी सांभाळून, म्हणजे अर्धवेळ पीएच. डी. करायची, तर आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जे रुग्णालय कोणाला परत पाठविते याचा शोध घ्यायचा, त्याच रुग्णालयाने, आमची काही हरकत नाही, असे लिहून द्यायचे! ते देतील, अवश्य देतील; फक्त विषयात किंचित दुरुस्ती सुचवतील. मग प्रबंधाचे नाव होईल, ‘निर्धन रुग्ण योजनेच्या लाभार्थींचे समाधान : एक चिकित्सक अभ्यास’. शंभर लाभार्थी, प्रश्नावली, शेवटच्या प्रकरणात शिफारशी. शोधगंगेवर असल्या प्रबंधांचा पूर आलेला आहे.

बाईंनी यावर तत्काळ उत्तर दिले नाही. माझ्या मते त्या संध्याकाळचा हा सर्वांत सबळ आक्षेप होता. पदवी मोठी की सेवा मोठी, हा वाद वक्तृत्वस्पर्धेला ठीक आहे. ज्याचे मीठ खायचे त्याच्याच दप्तरात शोध कसा घ्यायचा, ही अडचण खरी. नोकरी सोडून पूर्णवेळ नाव नोंदविण्याचा मार्गही आम्ही चाचपून पाहिला. कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम आरंभी दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनंतर ४२,००० अशी आहे. परंतु तिची वयोमर्यादा, स्त्रियांना मिळणारी पाच वर्षांची सवलत धरूनही, आमच्या भाचीने केव्हाच ओलांडली. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपच्या अटी निराळ्या, आणि तेथील याद्या केव्हा लागतील यावर घराचे हप्ते अवलंबून ठेवता येत नाहीत. पीएच. डी.ची मुदत किमान तीन वर्षे, कमाल सहा, स्त्रियांस आणखी दोन वर्षांची मुभा. एवढ्या मुदतीत पगारावाचून राहणे तिला शक्य नाही. तो मार्ग तेथेच मिटला.

नाना : आणि माझ्या मनात जे आहे ते बोलूनच टाकतो. मी निवृत्त झालो त्या जागेवर अद्याप माणूस आलेला नाही. जागा रिक्त. देशात पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली. इतक्या वर्षांनंतर आमच्या खात्याची ही स्थिती. ही पोर टेबलावरून उठली तर तिच्या जागी कोण बसेल? कागद बाजूला सारणारा का होईना, पण सारताना ज्याच्या पोटात तुटते असा माणूस तेथे बसलेला बरा.

बाई : म्हणूनच तिने उठू नये असे मी म्हणते. १९३६ साली समाजकार्याची आपल्याकडली पहिली शाळा निघाली ती नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये, कामगारांच्या वस्तीत. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ साली देवनारच्या प्रशस्त आवारात गेली. शिकणे आणि वस्ती यांच्यात अंतर पडले की काय होते ते आपण दोघांनीही पाहिले आहे.

भाची : मी एक विचारू? आमच्याकडून जो परत जातो तो नेहमी गावीच जातो असे नाही. पुष्कळ जण रिक्षा करून सरळ सरकारी रुग्णालयात जातात. मग मी आमच्या रजिस्टरला हातच लावला नाही तर? सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात, दाखल झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला मी एवढेच विचारीन, की इथे येण्यापूर्वी तुम्ही कुठे कुठे गेला होतात, तिथे काय कागद मागितले, आणि मध्ये किती दिवस गेले. रुग्णालयांची नावे प्रबंधात घालायचीच नाहीत. जे गावी गेले ते यात सापडणार नाहीत, हे मला समजते. पण जे सापडतील ते आज कोठेच नाहीत.

काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर नानांनी खिशातून चष्मा काढला, ही त्यांची कामाला लागण्याची खूण आहे.

नाना : सांगतात. न विचारता सांगतात. खाटेवर चादर पडायच्या आत पहिले वाक्य तेच असते, ‘साहेब, आधी तिकडं गेलो होतो’. पण वॉर्डात प्रश्नावली घेऊन तुला कोणी असे फिरू देणार नाही. अधिष्ठात्यांची लेखी परवानगी लागेल, एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल, आणि ती हवी तर विद्यापीठाची नोंदणी आणि गाईडचे पत्र जोडावे लागेल.

बाई : म्हणजे पीएच. डी. लागेल.

नाना : या एका कामापुरती लागेल, असे मी म्हटले आहे. अर्जाचा कागद आण. अधिष्ठात्यांना अर्ज कसा करतात ते तुमच्या कोर्सवर्कमध्ये शिकवीत नाहीत.

त्या रात्री नानांनी सांगितलेला अर्ज मी पाहिला आहे. ‘विषय’, ‘संदर्भ’ आणि ‘महोदय’ यांपासून ‘सोबत जोडलेली कागदपत्रे’ येथपर्यंत तो इतका बिनतोड आहे की, त्यावर हरकत घेण्यास जागा सापडणे कठीण.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, तिने नाव नोंदवावे. आणि तेही या प्रश्नासाठीच. समाजकार्यात डॉक्टर झाल्याने माणूस अधिक करुणामय होतो असे मला दिसलेले नाही, अधिक कठोर होतो असेही नाही. त्या पदवीचा एकच उपयोग मला पटला: जेथे एरवी दाराशीच अडवतील तेथे ती एक प्रश्न घेऊन आत जाण्याचा परवाना देते. तेव्हा गाईडने किंवा संशोधन समितीने विषय सौम्य करण्याचा आग्रह धरला आणि परत गेलेल्यांच्या जागी लाभार्थी बसविले, तर तिने नोंदणी तत्काळ रद्द करून घ्यावी, भरलेल्या शुल्काची हळहळ करू नये. अशा वेळी पदवी सोडणे तिला जड जाईल अशी बाईंना भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. नाना अद्याप म्हणतात की पाच वर्षांनी ही मुलगी कोठल्यातरी महाविद्यालयात हजेरी घेताना दिसेल. तसे झाले तर ते मला आठवण करून देणार आहेत.

नोंदणी होईल तेव्हा होवो. तोवर ज्या वाचकांच्या हाताखाली असे एखादे टेबल असेल, मग ते रुग्णालयातील असो, तहसील कचेरीतील असो वा शिष्यवृत्तीच्या खिडकीतील असो, त्यांना माझी एक विनंती आहे. कागदावाचून जो परत गेला त्याच्यासाठी एक निराळी वही आजच घालावी. नाव लिहू नये. तारीख, गाव आणि कोणता कागद कमी पडला एवढेच लिहावे. त्यासाठी पेट परीक्षा द्यावी लागत नाही.